छायाचित्रांचे दप्तर

बंगळूर शहराच्या पूर्व अंगास व्हाइटफील्ड नावाचा जो भाग आहे, तो मुळात शेतकऱ्यांची वसाहत म्हणून वसला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी यूरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेस ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या संस्थेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीस हे नाव पडले. आज त्या शेतांची खूण सापडणे कठीण आहे. त्यांच्या जागी संगणकाच्या धंद्याची मोठमोठी कार्यालये आणि तेथे काम करणाऱ्यांचे उंच मनोरे उभे आहेत. या मनोऱ्यांत सांगली-कोल्हापूरकडची, नाशिक-जळगावची, नागपूर-अमरावतीची अशी पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. सरकारी बदलीमुळे गेली काही वर्षे मीही त्यांच्या शेजारास आहे.

या घरांची रीत बहुधा एकसारखी असते. नवरा-बायको दोघेही कामावर जातात, मूल पाळणाघरात असते आणि आजी-आजोबा गावाकडे असतात. नातवाने टाकलेले पहिले पाऊल, त्याचा पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, हे सारे आजीला दिसते ते फोटोतच. तेव्हा अशा घरात फोटो ही हौसेची वस्तू राहत नाही. दूर पडलेल्या माणसांना बांधून ठेवणारा तो धागा असतो. आणि म्हणूनच या घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : मोबाइल फोटोंनी भरून गेला, आता ते ठेवावे कोठे आणि घरच्यांना दाखवावे कसे?

या कामासाठी आज अनेक कंपन्यांच्या सेवा उपलब्ध आहेत. त्यांतून एक निवडताना मनुष्य सामान्यतः दोनच गोष्टी पाहतो. जागा किती मिळते आणि पैसे किती पडतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते पहिले प्रश्न नव्हेत, असे मला वाटते. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे महाराष्ट्रातील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांत गेली. कागद आत घेणे हे दप्तराचे खरे काम नव्हे. मागितलेला कागद वेळेवर, अखंड आणि योग्य माणसाच्या हाती बाहेर काढून देणे हे खरे काम. हाच दाखला फोटोंच्या बाबतीत लावून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या पद्धतीला न्याय देऊ. काळ्या जाड कागदाचा आल्बम, फोटोच्या चार कोपऱ्यांना चिकटवलेले चार त्रिकोण, दोन पानांमध्ये पातळ पांढरा कागद, हे सर्व आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. फोटो थोडे असत, आणि पुष्कळदा मागे शाईने नाव व तारीख लिहिलेली असे. या पद्धतीत दोष एकच, पण तो जबर होता. प्रत एकच आणि तीही एकाच घरात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. त्या दिवशी वाहून गेलेली भांडीकुंडी लोकांनी पुन्हा घेतली. भिजून लगदा झालेले फोटो कोणत्या दुकानात मिळणार? घरांचे सोडा, ज्यांनी आयुष्याचा काही काळ छायाचित्रणाच्याच व्यवसायात घालविला त्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण स्वरूपात कोठेही उपलब्ध नाही. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि तेथे जपून ठेवलेल्या नायट्रेट फिल्मची जुनी रिळे जळून गेली. एका जागी एकच प्रत असणे म्हणजे काय, हे यावरून दिसेल.

नव्या पद्धतीने हा दोष बराच दूर केला आहे. ‘क्लाऊड’ या शब्दामुळे आपले फोटो आकाशात कोठे तरी तरंगत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते जमिनीवरच असतात. कोठे तरी एक मोठी इमारत असते, तीत संगणकांच्या रांगा असतात, त्यांना थंड ठेवण्याची यंत्रे असतात, आणि एका फोटोच्या प्रती सहसा एकाहून अधिक यंत्रांवर ठेवलेल्या असतात. एक यंत्र बंद पडले तरी फोटो जात नाही. आपल्या घरी अशी व्यवस्था करणे अशक्य, हे मान्यच करावयास हवे. परंतु ती इमारत दुसऱ्याची आहे आणि आपण तेथे भाडेकरू आहोत, ही गोष्ट विसरता कामा नये. मालकाने अटी बदलल्या, धंदा विकला किंवा गुंडाळला, तर आपणांस सामान उचलावे लागणार.

ही केवळ कल्पना नव्हे. कोडॅक कंपनीने फोटो काढण्याची सवय साऱ्या जगाला लावली. ती २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली आणि तिची फोटो ठेवण्याची सेवा त्याच वर्षी बंद होऊन ग्राहकांचे संग्रह दुसऱ्या कंपनीकडे सोपविण्यात आले. भारतातील तरुणांनी ज्याला डोक्यावर घेतले होते ते ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगलने २०१६ साली ‘पिकासा’ आवरती घेतली. ‘फ्लिकर’ने २०१३ मध्ये प्रत्येकास एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली, पुढे २०१८ मध्ये मालक बदलला आणि फुकट ठेवता येणाऱ्या फोटोंची मर्यादा एक हजारावर आली. गूगल फोटोज २०१५ साली निघाली, तेव्हा किंचित आकसलेले फोटो वाटेल तितके ठेवण्याची मुभा होती. १ जून २०२१ पासून ती संपली आणि पंधरा गिगाबाइटांच्या पुढे पैसे मोजावे लागू लागले. या बहुतेकांनी आधी सूचना दिल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. ‘मायस्पेस’ची गोष्ट मात्र निराळी. यंत्रे बदलताना जुने फोटो व गाणी नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि परत देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पंधरा गिगाबाइट म्हणजे किती, याचाही हिशेब करून पाहावा. घरात दिवसाला दहा फोटो निघतात असे धरले तर वर्षाचे ३,६५० होतात. एक फोटो तीन मेगाबाइटचा धरला तर वर्षाला जवळजवळ अकरा गिगाबाइट लागतात. म्हणजे फुकटची जागा फार तर सव्वा-दीड वर्ष पुरते. त्यातच पत्रव्यवहार व चलच्चित्रे आली की त्याहूनही कमी. मूल बोलू लागण्याच्या सुमारास भाडे सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आमच्या भागातील एका घराची हकीकत सांगतो. तीत नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. घरातील कर्ता पुरुष २०२१ च्या साथीत गेला. वय चाळिशीच्या आतले. संसाराचे सारे फोटो त्याच्या एकट्याच्या नावाच्या खात्यात होते आणि मोबाइल उघडत असे तो त्याच्याच अंगठ्याने. पासवर्ड पत्नीस ठाऊक नव्हता. बँकेत, विम्याच्या कचेरीत, भविष्यनिर्वाह निधीत वारसाचे नाव नोंदलेले होते. ती कामे हेलपाटे घालून का होईना, पार पडली. फोटोंच्या खात्यावर मात्र कोणाचेच नाव नव्हते. मृत्यूचा दाखला झाला, नात्याचा पुरावा झाला, कित्येक महिने पत्रे गेली व आली. खाते काही उघडले नाही. मृताच्या खात्यात वाटेल त्यास शिरू देऊ नये, हा नियम चुकीचा म्हणता येणार नाही. आपल्याही खात्यात कोणी शिरू नये अशीच आपली इच्छा असते. पण नियम बरोबर असला म्हणून त्या बाईंचे दुःख कमी झाले नाही.

शेवटी त्यांनी दुसरा मार्ग धरला. मिरजेची नणंद, ठाण्याचा भाऊ, यजमानांचे कॉलेजातील स्नेही, सर्वांना त्यांनी कळविले की, ह्यांनी तुम्हांला आजवर जे जे फोटो धाडले असतील ते मला परत पाठवा. अशा रीतीने तीन-साडेतीनशे फोटो जमले. आता शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलीजवळ वडिलांच्या खांद्यावर बसलेला जो फोटो आहे, तो मिरजेच्या आत्याच्या मोबाइलमधून परत आलेला आहे. आणि निरोपाच्या ॲपमधून गेल्यामुळे लहान व धूसर झालेला आहे. सेवा निवडताना जे प्रश्न विचारावयास हवेत, ते सर्व या एका हकीकतीत आले आहेत.

पहिला प्रश्न : सामान बाहेर कसे काढावयाचे? सेवेत शिरण्याचा रस्ता नेहमीच रुंद आणि गुळगुळीत असतो. परतीचा रस्ता आधी चालून पाहावा. सर्व फोटो एकदम उतरवून घेण्याची सोय आहे काय? असल्यास फोटोबरोबर त्याची तारीख, त्याचे स्थळ, आपण लिहिलेली नावे हीही परत येतात काय? काही सेवा फोटो एका फाइलीत आणि त्याची माहिती दुसऱ्या फाइलीत देतात. मग वीस हजार फोटोंची पुन्हा जुळणी करणे हे एक नवे दप्तरच होऊन बसते. उपाय सोपा आहे. सारा संग्रह सोपविण्यापूर्वी शंभर फोटो ठेवावेत, एखाद्या रविवारी ते सगळे परत मागवावेत, आणि मूळ फोटोंशी ताडून पाहावेत. जी सेवा शंभर धड परत देत नाही, ती वीस हजार देईल असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न : परत मिळेल ते मूळच असेल काय? जागा वाचविण्यासाठी काही सेवा फोटो आकसून ठेवतात. निरोपाच्या ॲपमधून पाठविलेला फोटो तर बहुधा आकसूनच जातो. मोबाइलच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. भिंतीवर लावण्यासाठी मोठा छापून घेतला म्हणजे जाणवतो. प्रतीवरून प्रत होताना मूळ वस्तू झिजत जाते, हा अनुभव आपल्या भाषेस जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या हाती लिहिलेल्या प्रतींत कालांतराने पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ती शुद्ध करण्याचे कष्ट घेतले. शब्द ताडून शुद्ध करता येतात. फोटोतून गेलेला बारकावा मात्र मूळ प्रत नसेल तर कोणासही परत आणता येत नाही. यास्तव, एक तरी प्रत मूळ स्वरूपात ठेवणारी सेवा पसंत करावी, आणि ‘जागेची बचत’ असे लिहिलेली कळ दाबण्यापूर्वी थांबावे.

तिसरा प्रश्न : आपले फोटो कोण पाहू शकतो? येथे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कुलपाची एक किल्ली कंपनीजवळही असते. त्यामुळे ती फोटोंतील चेहरे ओळखून ते निवडून देते, ‘समुद्र’ म्हटले की समुद्राचे फोटो पुढे करते, आणि पासवर्ड विसरला तर नवा करून देते. मात्र तीच तपासणी कधी अंगावर येते. अमेरिकेत एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांस दाखविण्यासाठी काढला; यंत्राने त्याचा भलता अर्थ लावला आणि त्याचे संपूर्ण खाते बंद झाले, ही हकीकत २०२२ साली तेथील वृत्तपत्रांत आली होती. दुसऱ्या प्रकारात किल्ली केवळ आपल्याच हाती असते. कंपनीलाही फोटो दिसत नाही. एका भारतीय तरुणाने सुरू केलेली ‘एन्ते’ ही सेवा या तत्त्वावर चालते. मल्याळम भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माझे’ असा आहे. येथे खाजगीपणा पुरा मिळतो, पण किल्ली हरवली तर कंपनीही हतबल असते. विसराळू माणसाने दुसरा प्रकार घेताना किल्लीचे शब्द कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत, हे उत्तम.

पाहण्याचा दुसरा भाग आपल्याच हाती असतो. पुष्कळ सेवांत फोटोंची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते फोटो दिसतात. वाढदिवसाची लिंक आपण चाळीस माणसांना पाठवितो. ती एकेचाळिसाव्याकडे जाऊ नये, असा काही नियम नाही. शिवाय मोबाइलने काढलेल्या फोटोत स्थळाची नोंद असू शकते. मुलाची शाळा कोणती, ते खेळते कोणत्या मैदानावर, हे त्यावरून कळू शकते. तेव्हा लिंक देताना ती काही दिवसांनी बंद करता येते काय, आणि पाठविताना स्थळाची नोंद वगळता येते काय, हे पाहून घ्यावे. गावच्या आजीने नवे खाते उघडावे, पासवर्ड लक्षात ठेवावा, अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. जे दार तिला एका बोटाने उघडते आणि परक्याला उघडत नाही, ते दार चांगले.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणूनच आपण तो टाळतो : माझ्यामागे काय? गूगलने २०१३ पासून अशी सोय ठेवली आहे की, खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसास त्यातील सामग्री मिळावी. ॲपलने २०२१ च्या अखेरीस तशीच व्यवस्था केली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही, मनुष्य मृत झाल्यास किंवा असमर्थ झाल्यास त्याचे हक्क बजाविणारी व्यक्ती नेमून ठेवण्याची तरतूद केलेली आहे. उलट पक्षी, दोन वर्षे कोणी फिरकले नाही तर वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने २०२३ पासून आपल्याकडे घेतला आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्मवर आपण पहिल्याच दिवशी वारसाचे नाव लिहितो. फोटोंच्या खात्यासाठी हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. ते आज रात्री जेवणापूर्वी होण्यासारखे आहे.

इतके प्रश्न विचारून सेवा निवडली, तरी एक काम कोणतीही सेवा आपल्यासाठी करणार नाही. ते म्हणजे काय ठेवावयाचे हे ठरविणे. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग पाडतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे दहा वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्षापर्यंत ठेवावयाचे, आणि मुदत संपली की नष्ट करावयाचे. सर्वच कागद ठेवणाऱ्या कचेरीत हवा तो कागद सापडत नाही. घरातही हीच स्थिती आहे. एकाच केकचे सतरा फोटो, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो, गाडी कोठे उभी केली त्या खांबाचा फोटो, हे सर्व ‘ड’ वर्गातले. महिन्याकाठी अर्धा तास खर्चून ते काढून टाकले, तर भाडेही वाचते आणि पाहणाऱ्याचा जीवही गुदमरत नाही. ‘अ’ वर्गात वर्षाचे फार तर शंभर फोटो निघतील.

त्या शंभरांवर नावे मात्र लिहिली पाहिजेत. यंत्र चेहरा ओळखते. पण ही व्यक्ती आजोबांची चुलत बहीण, बाळंतपणासाठी आली होती ती परत गेलीच नाही, हे त्यास ठाऊक नसते. ते ठाऊक असते आजीला. नाव नसलेला जुना फोटो म्हणजे जावक क्रमांक नसलेला कागद. तो कोणाचा, कशासाठी, हे सांगणारे मनुष्य गेले की तो केवळ चित्र होऊन राहतो. म्हणून फोटो आजीला दाखविण्यासाठी जसे पाठवावेत, तसे विचारण्यासाठीही पाठवावेत. “आजी, डावीकडून तिसरी कोण?” असा एक प्रश्न आठवड्याला एका फोटोबरोबर गेला, तरी वर्षात बावन्न माणसे विस्मृतीतून परत येतील; आणि फोनवर बोलण्यास आजीजवळ प्रकृतीखेरीज दुसराही विषय होईल.

शेवटी व्यवस्थेविषयी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने एक सुटसुटीत नियम सांगितला आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. आपल्या घरांस तो सहज पाळता येईल. एक प्रत निवडलेल्या सेवेत. दुसरी व्हाइटफील्डच्या घरी कपाटातील हार्ड डिस्कवर. तिसरी दिवाळीला गावी जाताना बरोबर न्यावी आणि तेथील कपाटात ठेवून यावे; पुढच्या दिवाळीला तिच्यात नव्या वर्षाची भर घालावी. डिस्कही अमर नसते, न वापरताही ती बिघडते. म्हणून वर्षातून एकदा ती लावून पाहण्याचा दिवस ठरवावा. कर्नाटकात खंडेनवमीला आयुधपूजा थाटाने होते. लोक मोटारी धुतात, यंत्रांना हार घालतात. त्या दिवशी डिस्क संगणकास जोडावी, दहा-वीस फोटो उघडून पाहावेत, आणि मग फूल वाहावे. आणि ‘अ’ वर्गातील चोवीस-पंचवीस फोटो दरसाल कागदावर छापून, मागे नावे लिहून आजीच्या हाती द्यावेत. त्यांना ना वीज लागते, ना पासवर्ड.

अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट, असे मी मुद्दामच सांगितले नाही. कंपन्यांची नावे व दर बदलतात. आज जी पहिली आहे ती दहा वर्षांनी असेलच असे नाही. आपले फोटो मात्र पन्नास वर्षांनीही कोणास तरी हवे असणार आहेत, आणि त्या माणसाचा जन्म कदाचित अजून झालेलाही नसेल. जी सेवा मागितल्यावर मूळ फोटो मूळ माहितीसह परत देते, आपल्यानंतर आपल्या माणसाच्या हाती देते, आणि परक्याच्या हाती देत नाही, तिला आपले दप्तर खुशाल सोपवावे. त्यातही एक प्रत आपल्यापाशी ठेवून सोपवावे.